ईराप्पाची कापलेली मोहोर

अहो, ऐकताय ना?

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ठरवलं होतं, आता यांच्याशी भांडायचं नाही. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं! पण आज भांडायलाच बसले आहे. सकाळपासून चार वेळा बसले आणि चार वेळा उठले. एकदा दूध उतू चाललं होतं म्हणून, बाकी तीनदा उगाचच.

आज खंडेनवमी. भाऊजींनी दुकानातली हत्यारं पूजेसाठी आत पाठवली. तराजू, कसोटीचा दगड, चिमटे, हातोडी. पूजा जाऊबाई करणार, पुसून मांडायचं काम माझं. पुसता पुसता तुमची छिन्नी हातात आली. बोटभर लांबीची, डोकं ठोकून ठोकून चेपलेलं. ती पाटावर ठेवायला माझा हात उठेना. तशीच बाजूला ठेवली आणि कागद घेऊन माडीवर आले.

उद्या दसरा. उद्या मला एक काम करायचं आहे आणि तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला ते करवणार नाही. ईराप्पा सोनार आठवतो ना? आठवत नाही म्हणू नका, मला सगळं कळलं आहे.

थांबा. आधी दुसरं सांगते. रागाच्या भरात लिहिलं तर सगळं वाईटच लिहीन, आणि तुम्ही काही सगळे वाईट नव्हता.

सोलापूरच्या सराफ बाजारात सोन्याचे पारखी पुष्कळ, पण नाण्यांचं वेड एकट्या तुम्हांला! बाकीच्यांना मोहोर म्हणजे तोळाभर सोनं. तुम्हांला मात्र ती कुठल्या ठशानं पाडली हे कळल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. भाचीच्या लग्नात तुम्ही तिच्या सासूच्या गळ्यातल्या मोहोरांच्या माळेला भिंग लावलंत, आठवतं? ती बाई केवढ्यांदा ओरडली! आणि तुम्ही तिलाच समजावत होता, "अहो, काट्याच्या बाजूला एक टिंब जास्त आहे, तुम्हांला माहीत आहे का?" मी पदर तोंडात कोंबून हसत होते. पुढे वर्षभर त्या घरी तुमचं नाव निघालं की बायका आधी माळा झाकायच्या.

मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. चारचौघांना सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात बसून मी नाणं बघायचे आणि तुम्ही विचारायचा. केसांच्या बटा किती? आकड्यातला दोन वाकडा की सरळ? छाप्याच्या बाजूला राणीच्या अंगरख्यावर पट्ट्या कशा? आठ दिवसांत मला कळायला लागलं की एकाच सालची दोन नाणी एका ठशाची असतीलच असं नाही. ठसा झिजला की टांकसाळीत दुसरा करतात, आणि करणाऱ्याच्या हातून काहीतरी इकडचं तिकडे होतं. हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्हीच! म्हणून तर आज एवढा जीव जळतो.

आणि त्या प्रूफ मोहोरा! टांकसाळीत घासून लख्ख केलेल्या ठशानं, नमुन्यादाखल निवडक पाडलेल्या. मी त्यांना आरशाच्या मोहोरा म्हणायचे. तुमच्याकडे अशी एकच, अठराशे बासष्ट सालची. मऊ मलमलीवर ठेवायची, बोटांनी फक्त कडेला धरायची, तिच्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही. माझ्या पदराला कधी इतक्या अलगद हात लावला नसेल तुम्ही. लक्ष्मीपूजनाला सासूबाई ती ताटात मागायच्या आणि तुम्ही लपवून बसायचा. "लक्ष्मीला हळदकुंकू लागलं तर ती काय झिजते?" असं त्या विचारायच्या. "झिजत नाही आई, पण आरसा जातो," असं म्हणून तुम्ही साधी मोहोर पुढे करायचा. दरवर्षी तेच भांडण.

बघा, हे लिहिताना बरं वाटायला लागलं. म्हणूनच आता ईराप्पाकडे येते.

सात वर्षं झाली. ईराप्पा दुपारी धावतच आला होता. अक्कलकोटकडचा, मराठी बोलता बोलता मधेच कानडी बोलणारा, आपल्या दुकानाची पदकं घडवणारा. पदकं पाडायचे पोलादी ठसे तो स्वतः कोरायचा. एवढा बारीक हात आपल्या बाजारात दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्यानं टोपीतून कापसात गुंडाळलेली मोहोर काढली. बासष्ट सालचीच, आणि आरशाची!

तुम्ही ती आत माझ्याकडे आणलीत. मी भिंग लावलं. काट्याच्या बाजूला वेलबुट्टीत सगळ्यांत वर जे फूल आहे, त्याची मधली पाकळी आपल्या मोहोरेत आखूड आणि टोकदार. ईराप्पाच्या मोहोरेत ती रुंद होती, पार वेलीला टेकलेली.

"ही आपल्या मोहोरेसारखी नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की. पाकळी रुंद आहे."

त्या क्षणी मला कोण अभिमान वाटला म्हणून सांगू! तुम्हांला दिसत नाही ते मला दिसलं. मी पुढचा विचारच केला नाही. पण तुम्ही तरी करायचा होतात ना? टांकसाळ एक, साल एक, मग फुलं दोन कशी, एवढंच तुम्ही बोललात. दुसरा ठसा असेल, हे मला शिकवणारा माणूस त्या दिवशी ते विसरला. आपल्याकडे आहे तीच खरी, हेच तुमच्या मनानं घेतलं. ज्याचा हात इतका बारीक, त्यानंच ठसा कोरला असणार, असं तुम्ही धरून चाललात. त्याची कारागिरीच त्याच्यावर उलटली.

मी आतल्या दाराशी उभी होते. तुम्ही ओट्यावर गेलात. बाजार भरलेला. "सोनं खरं आहे, ठसा खोटा आहे," असं मोठ्यांदा म्हणालात. खोटं नाणं हाती आलं की सराफानं ते कापूनच परत द्यायचं, म्हणजे ते पुढे कुणाच्या गळ्यात पडत नाही, ही बाजाराची रीत. तुम्ही मोहोर ऐरणीवर ठेवलीत आणि छिन्नीवर एक घाव घातलात. कापलेली मोहोर उचलून ईराप्पानं कपाळाला लावली आणि पायऱ्या उतरून गेला.

महिन्याभरात त्याला कुणी काम देईना. जो नाण्याचा ठसा कोरतो तो दागिन्यात काय काय मिसळत असेल, असं लोक बोलायला लागले. तुम्ही काही बोलला नव्हता हो तसं, पण तुमच्या त्या एका घावानंतर बोलायची गरज कुणाला होती? दिवाळीच्या आत तो बायकोला घेऊन कुर्डुवाडीला गेला.

जरा उठून आले. मिलचा भोंगा झाला, जाऊबाई जेवायला हाका मारताहेत. भूक नाही म्हणून सांगितलं.

आता श्रावणातलं सांगते. सोन्याचा भाव चढल्यापासून आपल्या दारात नुसती रीघ लागली आहे. गावोगावची माणसं दागिने काढून विकताहेत आणि सगळं सरळ मुशीत जातं. भाऊजी तेवढं एक करतात, मोहोरा वितळवण्याआधी आत माझ्याकडे पाठवतात. तुमचीच शिकवण. एक दिवस नातेपुत्याची एक म्हातारी आली, पंच्याहत्तरीच्या घरातली. तिच्या माळेतली मधली मोहोर बासष्ट सालची होती. साधी, चालू नाण्यातली, झिजलेली. मी भिंग लावलं. पाकळी रुंद होती! पार वेलीला टेकलेली!

मी रीत सोडून बाहेर ओट्याच्या दाराशी गेले आणि म्हातारीला विचारलं, "आजी, ही कधीची?"

"माज्या लग्नातली की, बाई. सासऱ्यानं गळ्यात घातली. आट वर्साची हुते मी. तवापासनं कुनाचा हात लागला न्हाय तिला."

तिचं लग्न झालं तेव्हा ईराप्पा जन्मलासुद्धा नव्हता, हो! मग हा ठसा कुणी कोरला? टांकसाळीनंच ना? ती मोहोर मी मुशीत जाऊ दिली नाही. माझ्या पाटल्यांतली एक भाऊजींच्या हातात ठेवली आणि मोहोर ठेवून घेतली.

इथपर्यंत मी तुमच्यावर रागावले नव्हते. चूक दोघांची होती. मी पाहिलं, तुम्ही ठरवलंत. दोन्ही मोहोरा शेजारी ठेवून बघाव्या म्हणून मी तुमची शिसवी पेटी उघडली. मलमलीच्या खाली एक पाकीट होतं. आत इंग्रजी पत्र, आणि एका कागदावर पेन्सिल घासून उमटवलेली दोन फुलं. एक आखूड पाकळीचं, एक रुंद पाकळीचं.

हे पाकीट आलं तो दिवस मला आठवतो. कुणाचं, असं मी विचारलं होतं. "मुंबईचे एक हौशी गृहस्थ आहेत, भाव विचारताहेत," असं तुम्ही सांगितलंत आणि पान खायला बाहेर गेलात. तुम्हांला पानाचा तिटकारा होता! तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पत्र मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं; तुम्ही कुणाकडून घेतलंत, देव जाणे. त्या सालचे ठसे दोन, दोन्ही टांकसाळीचेच, आणि रुंद पाकळीची प्रूफ आपण आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही, तुमच्या पाहण्यात आली असेल तर कृपा करून कळवा, असं त्यात आहे. म्हणजे तुम्ही त्यांना विचारलं होतंत. म्हणजे तुम्हांला शंका आली होती. आणि उत्तर आल्यावर, डोळे मिटेपर्यंत तीन वर्षं, तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत!

का हो? मला का नाही सांगितलंत? मी रडले असते, तुम्हांला बोलले असते, आणि दुसऱ्या दिवशी आपण दोघं गाडीत बसून कुर्डुवाडीला गेलो असतो. तुमचा शब्द खाली पडेल याची भीती वाटली? की माझ्या नजरेला दोष लागेल म्हणून गप्प बसलात? हे दुसरं असेल तर मला जास्त राग येईल. माझी चूक माझ्यापासून लपवायचा अधिकार तुम्हांला कुणी दिला?

शेवटच्या आजारात तुम्ही दोनदा विचारलंत, कुर्डुवाडीची गाडी किती वाजता असते. मला वाटलं तापात बडबडताहेत. मी कपाळावरची घडी बदलली आणि झोपा म्हटलं. पुढचं वाक्य का नाही बोललात? एकच वाक्य!

भाऊजींना सगळं दाखवलं. त्यांनी पाकळ्या पाहिल्या, पत्र पाहिलं आणि पेटी बंद केली.

"वहिनी, बाजार विसरला ते. तुम्ही कशाला उकरून काढता?"

"ईराप्पा विसरला असेल का?"

"आपलं दुकान दादाच्या शब्दावर चालतं. तो शब्द एकदा चुकला म्हटलं की लोक दहादा विचारतील."

"विचारू द्या."

"तुम्हांला बोलायला सोपं आहे. उद्या गिऱ्हाईक फिरलं तर मुलांना काय घालू?"

त्यांचंही खोटं नाही. त्यांनाही पोरंबाळं आहेत. मी महिनाभर गप्प बसले. पण गप्प बसणं म्हणजे काय, ते मला आता माहीत आहे ना! भाकरी थापताना तीच पाकळी, देवाला फूल वाहताना तीच पाकळी. शेवटी परवा कुणाला न सांगता एकटी गाडीत बसले.

तो रेल्वेच्या वर्कशॉपात कंदिलांना डाग देतो. जो माणूस राईएवढ्या मण्याला डाग द्यायचा, तो आता पत्र्याचे कंदील जोडतो. दुपारच्या सुट्टीत भाकरी खायला घरी आला होता. मला दारात बघून आधी हात धुऊन आला.

"वैनी, तुमी? हितं?"

मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. माझी नजर, तुमचा निकाल, नातेपुत्याची म्हातारी, दोन ठसे. तो ऐकत होता. त्याची बायको चुलीपाशी थिजल्यासारखी बसली होती.

"कदी कळलं?"

"मला श्रावणात."

"आनि अण्णांना?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं, हो. तुमच्यासाठी आलं होतं. त्यांना कधीच कळलं नाही, असं म्हटलं असतं तर त्याच्या मनात तुम्ही बरे राहिला असता. पण नाही बोलवलं. "जायच्या तीन वर्षं आधी," मी सांगितलं.

तो उठून बाहेर गेला. लिंबाखाली पाठमोरा उभा राहिला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा डोळे लाल होते.

"आजारी हायेत म्हनून कळलं तवा म्या आल्तो की सोलापूरला. दारापतुर आलो नि परत फिरलो. बोलावलं असतं तर आत आलो असतो."

मग त्यानं देवळीतून डबी काढली. आत कापूस आणि कापसात ती मोहोर. घाव राणीच्या कानापासून हनुवटीपर्यंत गेलेला, पण बाकीचा आरसा तसाच्या तसा! त्यानंही सात वर्षं तिला फक्त कडेलाच धरलं होतं.

"वितळवली नाहीस?" मी विचारलं. कंदिलाच्या पगारावर काढलेली सात वर्षं मला त्या घरात दिसत होती.

"इतळवायची कशी, वैनी? इतळवली असती तर अण्णा खरे ठरले असते की. खोटी हुती म्हनून मोडली, असंच म्हनले असते लोक." आणि मग हळूच म्हणाला, "इकायला न्हवती आनली म्या. एका साहेबाच्या बाईनं देस सोडताना मजुरीत दिल्ती. अण्णांना लई आवडंल म्हनून पळत आल्तो, दाखवायला. कुटनं आनलीस, एवडं बी इचारलं न्हाई त्यांनी."

सांगा ना, तुम्ही काय बोलला असता?

मी तुमची आरशाची मोहोर बरोबर नेली होती. ती त्याच्यापुढे ठेवली. ही घे, ती मला दे, असं म्हटलं. त्यानं हात लावला नाही.

"मला मोहोर नगं. जितं कापली तितं सांगा. तवा समद्यांनी ऐकलं, आता बी समद्यांना ऐकू द्या." आपली मोहोर पुढे करील असं वाटलं, तर त्यानं ती परत कापसात गुंडाळली. "ही देनार न्हाई. एकदा तुमच्या ओट्यावर दिल्ती. म्या सोताच येतो. दसऱ्याला समदा बाजार तुमच्याकडं सोनं द्यायला येतो न्हवं? समोर उभा ऱ्हातो. तुमी बोलला तर वर येतो. न्हाई बोलला तर परतीची गाडी हाय."

म्हणून उद्या. सकाळच्या गाडीनं तो येईल आणि रस्त्याच्या पलीकडे उभा राहील. भाऊजींना मी काल सांगितलं. सणाच्या दिवशी विधवा बाई ओट्यावर, लोक काय म्हणतील, असं जाऊबाई म्हणाल्या. भाऊजी मला अडवतील की नाही, मला माहीत नाही. आतासुद्धा अक्षर बघा कसं वाकडं येतं आहे!

मी आधी माझी चूक सांगेन, मग तुमची. आपली आणि म्हातारीची, दोन्ही मोहोरा आणि ती पेन्सिलीची फुलं सगळ्यांच्या हातात देईन. पत्राचंही सांगेन. तुम्हांला ते आवडणार नाही. नका आवडू देऊ. माझं तुमच्यावरचं प्रेम त्यानं कमी होत नाही, पण ईराप्पाच्या सात वर्षांपुढे मी ते ढाल म्हणून धरणार नाही.

एकच अडचण होती. नुसतं "हे" म्हणून बाजाराला कळायचं नाही, कोण चुकलं ते नावानिशी सांगायला हवं. तुमचं नाव मी आजवर उखाण्यावाचून कधी घेतलं नाही. मघाशी माडीचं दार लावून, रिकाम्या खोलीत, मोठ्यांदा घेऊन पाहिलं. जीभ अडखळली, पण निघालं.

उद्या अडखळणार नाही.

तुमची
यमुना